जनरल स्लिम: बेळगावात मास्तरकी करून ब्रह्मदेशी गेलेला सेनापती

कॅम्पातला_सायकलवाला (धागाकर्ता)

बेळगावच्या कॅम्पात ज्यांनी लहानपणी सायकली हाणल्यात, त्यांना तिथले बैठे दगडी बंगले, सावलीचे रस्ते आणि मराठा सेंटरकडून ऐकू येणारा बिगुल वेगळा सांगायला नको. याच कॅम्पात १९३९ च्या उन्हाळ्याअखेर एक इंग्रज अधिकारी राहायला आला. वय ४७, जबडा पुढे आलेला, बोलणं मोजकं. 'सीनियर ऑफिसर्स स्कूल'चा प्रमुख म्हणून त्याची नेमणूक झाली होती. पलटण हाती घ्यायच्या वयाला आलेल्या अधिकाऱ्यांना शिकवायचं, हे काम. जेमतेम तीन महिने गेले असतील, तोवर युरोपात युद्ध पेटलं. सप्टेंबर संपायच्या आत त्याला एक ब्रिगेड मिळाली आणि बेळगाव सुटलं.

त्याचं नाव विल्यम जोसेफ स्लिम. पाच वर्षांनी याच माणसाच्या चौदाव्या आर्मीने इंफाळ-कोहिम्यात जपानी भूदलाला तोवरचा सर्वांत मोठा पराभव दाखवला. आपल्याकडे माँटगोमेरी आणि रोमेल यांच्यावर चहाच्या टपरीवरसुद्धा वाद होतात. स्लिमच्या आर्मीत मात्र बहुसंख्य जवान भारतीय असूनही त्याचं नाव फारसं कुणी काढत नाही. म्हणून हा धागा.

आधी माणूस कुठला ते सांगतो, कारण मला त्यातच जास्त रस आहे. जन्म ६ ऑगस्ट १८९१, ब्रिस्टल. वडिलांचा लोखंडी सामानाचा धंदा, तोही फारसा न चाललेला. पुढे कुटुंब बर्मिंगहॅमला आलं. स्लिम आधी गरीब वस्तीतल्या प्राथमिक शाळेत मास्तर झाला, मग नळ्या बनवणाऱ्या एका कंपनीत कारकून. लष्कराची हौस होती, पण त्या काळी ब्रिटिश लष्करात अधिकारी व्हायचं तर घरचा पैसा लागायचा, मेसचं बिलसुद्धा पगारात भागत नसे. १९१२ मध्ये तो बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या अधिकारी प्रशिक्षण दलात घुसला. विद्यापीठात त्याचं नाव नव्हतं तरीही. १९१४ ला युद्ध आलं, अधिकाऱ्यांचा तुटवडा पडला आणि कारकून स्लिम सेकंड लेफ्टनंट झाला.

तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत ऑगस्ट १९१५ मध्ये सारी बैरच्या चढाईत गोळी लागली, वाचेल अशी आशा नव्हती. तिथे शेजारी सहाव्या गुरखा रायफल्सची पहिली पलटण लढत होती. ती त्याने पाहिली आणि ती डोक्यात बसली. मग मेसोपोटेमिया, तिथे दुसरी जखम आणि मिलिटरी क्रॉस. युद्धानंतर त्याने भारतीय लष्करात बदली करून घेतली, कारण इथे घरच्या पैशाशिवाय पगारावर जगता येत होतं. १९२० मध्ये तो त्याच गुरखा पलटणीत दाखल झाला. पगार तरीही पुरेना, तेव्हा 'अँथनी मिल्स' या टोपणनावाने मासिकांत कथा लिहायला लागला. दिवाळी अंकांच्या मानधनावर फराळाचा खर्च भागवणाऱ्या आपल्या मास्तर-लेखकांचं हे इंग्रजी भावंडच म्हणायचं.

बढती हळूहळू मिळाली. क्वेट्ट्याचं स्टाफ कॉलेज, कँबर्लीला शिकवणं, मग शिलाँगला सातव्या गुरख्यांची दुसरी पलटण, मग बेळगाव.

बेळगावहून गेलेल्या स्लिमची पहिली मोठी लढाई फसली. नोव्हेंबर १९४०, सुदानच्या सीमेवरचं गल्लाबत. ठाणं घेतलं, पण त्याचे रणगाडे सुरुंगांवर आणि खडकांवर मोडून पडले, इटालियन विमानांनी झोडपलं, एक ब्रिटिश पलटण पाठ फिरवून पळाली, आणि स्लिम मागे आला. पुढे त्याने स्वतःच लिहिलं की दोन मार्गांपैकी धीटपणाचा मार्ग आपण घेतला नाही, आपल्या मनातल्या भीतीचा सल्ला ऐकला, आणि ते चुकलं. पराभूत सेनापतींच्या आठवणी आपण बऱ्याच वाचतो. त्यांत बहुधा हवामान वाईट असतं, वरचे मूर्ख असतात, दारूगोळा उशिरा येतो. हा गडी म्हणतो, चूक माझी.

मार्च १९४२ मध्ये त्याला ब्रह्मदेशात धाडलं, तेव्हा रंगून पडून गेलं होतं. उरलेल्या फौजेला घेऊन मागे येणं एवढंच हाती होतं. सुमारे ९०० मैल. वाटेत येनांगयाऊंगच्या तेलविहिरी आपल्याच हाताने पेटवल्या. मे महिन्यात पहिल्या पावसात ती फौज इंफाळच्या पठारावर उतरली. अंगावर चिंध्या, पोटात आमांश, पण हातात बंदुका आणि पाय रांगेत. त्याच डोंगरांतून ब्रह्मदेशातले लाखो भारतीय पायी घरी परतत होते, हजारो वाटेतच मेले. त्यांच्यासाठी ना रांग होती ना रेशन.

यानंतरचं दीड वर्ष मला सगळ्यांत भारी वाटतं, आणि त्यात लढाई जवळजवळ नाही. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्याच्याकडे चौदावी आर्मी आली. तेव्हाचा हिशेब असा: एका जखमी जवानामागे १२० आजारी जवान मागे पाठवावे लागत. मलेरिया, आमांश, त्वचारोग. जपान्यांना गोळी झाडायची गरजच नव्हती. मेपाक्रिन नावाची गोळी होती. तिने कातडी पिवळी पडायची, आणि तिने पुरुषत्व जातं अशी अफवा उठल्यामुळे जवान ती थुंकून टाकायचे. स्लिमने अचानक रक्ततपासण्या सुरू केल्या. पलटणीतल्या ९५ टक्क्यांहून कमी जवानांच्या रक्तात औषध सापडलं की कमांडिंग ऑफिसरची उचलबांगडी. तिघांना काढलं, बाकीच्यांना अर्थ कळला. जवानाने गोळी घेतली नाही याची शिक्षा जवानाला न देता साहेबाला दिली, हे कुणी एचआरवाल्यांनी फळ्यावर लिहून ठेवावं.

दुसरा नियम रेशनचा. आघाडीवरच्या फौजेला अर्धं रेशन मिळत असेल, तर मुख्यालयातही अर्धंच. त्याने म्हटलंय की याने आघाडीच्या पोटात काही पडत नव्हतं, पण मुख्यालयातले लोक पुरवठ्यासाठी जरा जास्त घाईने धावायचे.

तिसरं पॅराशूटचं. डोंगरात रसद विमानाने टाकायची तर पॅराशूट हवीत, आणि रेशमी पॅराशूट ब्रह्मदेशच्या वाट्याला येईनात. ही आघाडी लंडनच्या यादीत तळाला होती. मग स्लिम आणि त्याचा पुरवठाप्रमुख स्नेलिंग यांनी कलकत्त्याच्या ज्यूट गिरण्यांना साकडं घातलं. गोणपाटाची पॅराशूट! माणसाला चालणार नाहीत, पण तांदळाच्या पोत्याला चालतील. खऱ्या पॅराशूटला २० पौंड पडायचे, याला एक पौंडाच्या थोडं वर. रस्त्यांवरसुद्धा डांबरात बुडवलेलं गोणपाट अंथरलं. ज्याला आपण जुगाड म्हणून हसतो त्यावर ही आर्मी उभी होती.

मार्च १९४४ मध्ये जपानी सेनापती मुतागुची इंफाळवर चालून आला. स्लिमचा बेत होता की आपण मागे सरायचं, जपान्यांना त्यांच्या रसदीपासून लांब ओढायचं आणि पठारावर गाठून मारायचं. बेत बरोबर, पण दोन हिशेब चुकले. सतरावी डिव्हिजन मागे बोलवायला उशीर झाला, ती जवळपास कोंडली गेली. आणि कोहिम्याकडे फार तर एक रेजिमेंट येईल असं धरलं होतं, तिथे अख्खी डिव्हिजन आली. हेही दोन्ही दोष त्याने नाव घेऊन स्वतःच्या माथी मारलेत. सावरलं ते कोहिम्याला तग धरलेल्या मूठभर लोकांनी आणि अराकानातून (ब्रह्मदेशचा पश्चिम किनारा) विमानाने उचलून आणलेल्या पाचव्या भारतीय डिव्हिजनने. २२ जूनला कोहिमा-इंफाळ रस्ता मोकळा झाला. उपाशी जपानी फौज पावसात डोंगर उतरत होती, मेलेली माणसं वाटेत टाकत.

पुढच्या वर्षी मध्य ब्रह्मदेशातलं मेक्तिला. मंडालेच्या उत्तरेला एका कोअरने (काही डिव्हिजन मिळून एक कोअर) भरपूर आवाज करायचा, खोट्या मुख्यालयाने वायरलेसवर बोलत राहायचं, आणि खऱ्या चौथ्या कोअरने शेकडो मैल जंगलातून लपत दक्षिणेला उतरून इरावती ओलांडायची. मार्च १९४५ च्या पहिल्या आठवड्यात मेक्तिला हातात. जपान्यांचा सगळा पुरवठा तिथूनच जायचा. मे महिन्याच्या सुरुवातीला रंगून.

आणि बक्षीस काय? रंगून घेऊन आठवडाही झाला नव्हता, तोच वरिष्ठ जनरल लीज विमानाने आला आणि म्हणाला, दमलास, तुझ्याकडून आर्मी काढतोय. स्लिमने आकांडतांडव केलं नाही, आपल्या स्टाफला तेवढं सांगितलं. बातमी पसरली, आर्मीत गदारोळ झाला, लंडनमध्ये ब्रिटिश लष्करप्रमुख अ‍ॅलन ब्रूकने लीजचे कान उपटले. शेवटी लीजच गेला आणि त्याच्याच खुर्चीवर स्लिम बसला.

पुढचं धावतं सांगतो. १९४८ मध्ये निवृत्त होऊन ब्रिटिश रेल्वेत नोकरीला लागला होता, तिथून पंतप्रधान अ‍ॅटलीने इम्पीरियल जनरल स्टाफचा प्रमुख, म्हणजे ब्रिटिश लष्करप्रमुख, म्हणून परत बोलावला. मावळता प्रमुख माँटगोमेरीला दुसरा माणूस हवा होता, आणि त्या माणसाला त्याने तसं सांगूनही टाकलं होतं. अ‍ॅटली म्हणे एवढंच म्हणाला, मग सांगितलेलं परत घ्या. भारतीय लष्करातून आलेला या पदावरचा हा पहिला माणूस. जानेवारी १९४९ मध्ये फील्ड मार्शल, १९५३ ते १९६० ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर जनरल, १४ डिसेंबर १९७० ला मृत्यू.

जाणकारांनी भर घालावी, चुका काढाव्यात.

---

बटाटेवडा_बटालियन

धागा जबरी. एवढा दणकट माणूस आणि आडनाव स्लिम! आमच्या जिमवाल्याला सांगतो.

---

खिरापत

वाचतेय. गोणपाटाच्या पॅराशूटचं पहिल्यांदाच ऐकलं. माझं काम पुरवठा साखळीचं, म्हणून जरा भोचकपणा: रसदीचा सगळ्यांत अवघड तुकडा कुठला होता? विमानं मिळवणं की विमानतळापर्यंत माल नेणं?

---

कॅम्पातला_सायकलवाला

@खिरापत, दोन्ही. कलकत्त्याहून निघालेला माल आधी ब्रॉडगेजने, मग मीटरगेजवर चढवायचा, ब्रह्मपुत्रेवर पूल नसल्याने डबे तराफ्यावरून पलीकडे न्यायचे, मग दिमापूर, मग डोंगरातला एकमेव रस्ता. चहाच्या मळ्यांसाठी बांधलेल्या रेल्वेवर आर्मी पोसायची होती. विमानं तर दुसऱ्याची. बरीचशी अमेरिकन, आणि ती चीनला माल न्यायला ठेवलेली. त्यामुळे स्लिमची प्रत्येक चाल विमानं कधी काढून घेतील या धास्तीत ठरायची. रंगून पावसाआधी घेण्याची जी घाई होती ती यामुळेच. बंदर मिळालं नसतं तर पावसात एवढी फौज विमानावर जगली नसती. जाता जाता: कलेवाला चिंदविन नदीवर बेली पूल टाकला तो १,१५४ फूट, तेव्हा जगातला सर्वांत लांब.

---

सह्यकडा

लेख छान, पण गोडगोड आहे. दोन गोष्टी गाळल्यात.

एक, ऑगस्ट १९४२. हा स्लिम तेव्हा पंधराव्या कोअरचा प्रमुख, मुख्यालय बराकपूर. 'चले जाव' सुरू झाल्यावर बिहारात लोकांनी रूळ उखडले, ठाणी जाळली, आणि तो उठाव मोडायला जी फौज वापरली ती याच्या हुकमतीतली. आमच्या सातारा जिल्ह्यात पत्री सरकार उभं राहत होतं तेव्हा तुमचे अंकल बिल (जवान स्लिमला असंच म्हणायचे) पलीकडच्या बाजूला होते.

दोन, १९४३ चा बंगालचा दुष्काळ. या आर्मीच्या पाठीमागेच लाखो माणसं भुकेने मेली. अर्ध्या रेशनची गोष्ट त्या पार्श्वभूमीवर वाचा, घास घशात अडकतो.

---

कॅम्पातला_सायकलवाला

@सह्यकडा, पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य, मी गाळायला नको होता. स्लिमने स्वतःही ते लपवलेलं नाही. त्याने त्याकडे पाहिलं ते आसामची रसद तुटते आहे या नजरेने. रूळ का उखडले जातायत हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही. तो साम्राज्याचा नोकर होता आणि त्याला त्याबद्दल शंका नव्हती.

दुष्काळाचं मात्र पूर्ण त्याच्या खात्यावर नका टाकू. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, होड्या आणि धान्य शत्रूच्या हाती लागू नये म्हणून आधीच काढून घेतलं, भाव भडकले, प्रांतिक सरकार ढिम्म आणि लंडन त्याहून ढिम्म. हे निर्णय कोअर कमांडरच्या पातळीवरचे नव्हते. आर्मीचं पोट भरत होतं आणि शेजारचं गाव उपाशी होतं, हे तरीही खरंच.

---

सह्यकडा

ठीक. 'ढिम्म' हा शब्द लंडनसाठी फार सौम्य आहे एवढंच म्हणेन.

---

तळकोकणी

आझाद हिंद सेनेचा उल्लेख एका ओळीतही नाही? इंफाळच्या वेशीवर मोइरांगला १४ एप्रिल १९४४ रोजी तिरंगा फडकला, तो स्लिमच्या फौजेच्या नाकावर टिच्चून.

आणि त्या सेनेतले एक मोठे अधिकारी आमच्या सावंतवाडीकडचे, जगन्नाथराव भोसले. नेताजींच्या अगदी जवळच्या वर्तुळातले. स्वातंत्र्यानंतर १९५२ ला रत्नागिरीतून लोकसभेवर गेले, पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. स्लिमच्या लेखी ही माणसं काय होती?

---

कॅम्पातला_सायकलवाला

@तळकोकणी, स्लिमच्या लेखी ती लष्करी दृष्ट्या किरकोळ होती, आणि तो त्यांच्याबद्दल उपहासाने लिहितो. एक गोष्ट मात्र त्याने नोंदवली आहे: त्याचे भारतीय आणि गुरखा जवान आझाद हिंदच्या सैनिकांना शरण येऊ द्यायला फारसे राजी नसत, आणि त्यांना जरा बऱ्या मनाने कैद करा असे हुकूम काढावे लागले. आपलीच माणसं आपल्याच माणसांवर. ते वाचून मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो.

त्याचं लष्करी मूल्यमापन बरोबर असेलही. पण १९४५ च्या हिवाळ्यात लाल किल्ल्यात खटले सुरू झाल्यावर देशभर जे उसळलं, ते बंदुकांच्या संख्येत मोजता येण्यासारखं नव्हतं. सैनिक म्हणून त्याला जे दिसलं त्यापलीकडे तो गेला नाही.

---

रंकाळ्यावर_संध्याकाळी

तळकोकणींनी एका बाजूचा मराठी माणूस सांगितला, मी दुसऱ्या बाजूचा सांगतो. शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, कोल्हापूरकडचे. जानेवारी १९४५ च्या अखेरीस अराकानच्या किनाऱ्यावर कांगावची लढाई झाली. ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे कमांडर भारतीय होते: थोरात, थिमय्या आणि सेन. तिघांनाही डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं. भारतीय माणूस फार तर कंपनी चालवेल, पलटण नको, असं म्हणणाऱ्या साहेबांची तोंडं तिथे बंद झाली. थोरात पुढे कोरियात युद्धकैदी सांभाळणाऱ्या भारतीय कस्टोडियन फोर्सचे प्रमुख झाले, मग ईस्टर्न कमांडचे. १९६० मध्येच त्यांनी 'लाल किल्ला' नावाचा सराव घेऊन चिनी हल्ला झाला तर काय होईल ते दाखवलं होतं. दिल्लीने फाईल बाजूला ठेवली. दोन वर्षांनी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

धाग्यापुरती एक दुरुस्ती मीच करून ठेवतो, नाहीतर कुणीतरी करेलच: कांगावच्या वेळी पंधरावी कोअर स्लिमच्या चौदाव्या आर्मीत नव्हती, ती थेट लीजच्या हाताखाली काढली होती. त्यामुळे कांगावचं श्रेय स्लिमला नाही.

---

कडकलक्ष्मी

भोसले आणि थोरात. एकाच काळात, एकाच युद्धात, समोरासमोरच्या फौजांत. आपल्या शाळेच्या पुस्तकात दोघांपैकी कुणी होतं का हो? मला तरी आठवत नाही. आम्हाला पहिलं महायुद्ध दीड पान आणि दुसरं दोन पानं होतं. त्यातलं अर्धं पान हिटलरच्या मिशीच्या चित्राला.

---

रिटायर्ड_सुभेदार

राम राम मंडळी. नातवाने धागा वाचून दाखवला, आता त्याच्याकडूनच टाईप करून घेतोय. मराठा लाइट इन्फन्ट्रीत २८ वर्षं काढली. बेळगावला ट्रेनिंग, त्यामुळं कॅम्पचं वाचून बरं वाटलं.

इंफाळ म्हटलं की आम्हाला सांगशाक आठवतं. आमच्या रेजिमेंटच्या इतिहासात ते शिकवतात. उखरूलच्या अंगाला नागा लोकांचं डोंगरावरचं गाव. मार्च १९४४. तिथं पन्नासावी पॅराशूट ब्रिगेड होती, आणि तिच्या सोबतीला पाचव्या मराठाची चौथी पलटण. जपानी कोहिम्याकडं निघालेले, वाटेत हे गाव. खंदक खणायला घेतले तर तीन फुटांवर कातळ लागला. काटेरी तार नाही. पाणी डोंगराच्या खाली. विमानातून रसद टाकली, जागा एवढीशी की निम्म्याहून जास्त जपान्यांच्या हाती गेली. असं असून पाच-सहा दिवस धरलं. रात्रंदिवस हल्ले, गावच्या चर्चपाशी हातघाई. २६ मार्चच्या रात्री हुकूम आला की निघा, तेव्हा जे चालू शकत होते ते अंधारात डोंगर उतरून इंफाळकडं आले.

त्या पाच-सहा दिवसांत काय झालं, तर कोहिम्याला माणसं गोळा करायला वेळ मिळाला. धागाकर्त्यांनी लिहिलंय की स्लिमसाहेबाचा हिशेब चुकला आणि मूठभर लोकांनी सावरलं. त्या मूठभरांत आमची पोरंपण धरा.

---

कॅम्पातला_सायकलवाला

@रिटायर्ड_सुभेदार, साहेब, दंडवत. सांगशाक माझ्याकडून राहिलं याची लाज वाटते, तेही बेळगावच्या माणसाकडून. मूळ लेखात आता बदल करता येत नाही, म्हणून इथेच लिहितो: कोहिम्याचा वेढा ४-५ एप्रिलला सुरू झाला. सांगशाकला जपानी अडकले नसते तर ते आठवडाभर आधी पोचले असते, आणि तेव्हा तिथे अडवायला फारसं कुणी नव्हतं.

---

खिरापत

आम्ही ईशान्येच्या सहलीत कोहिम्याची दफनभूमी पाहिली होती. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट, ज्याच्या एका बाजूला ब्रिटिश फौज आणि दुसऱ्या बाजूला जपानी, ते पांढऱ्या रेघांनी अजून दाखवलंय. १,४२० थडगी. सगळ्यात वरच्या अंगाला वेगळं स्मारक आहे, ज्यांचं दहन केलं त्या ९१७ हिंदू आणि शीख जवानांचं. गाईडने टेनिस कोर्टापाशी वीस मिनिटं घेतली, वर जायला मात्र आम्हीच हट्ट केला. आमच्या ग्रुपमधले बाकीचे तोवर मोमो खायला गेले होते.

---

थेम्सकाठची_वहिनी

लंडनहून. व्हाइटहॉलमध्ये संरक्षण मंत्रालयाच्या समोर हिरवळीवर तीन पुतळे आहेत: माँटगोमेरी, अ‍ॅलनब्रूक आणि स्लिम. स्लिमचा १९९० मध्ये बसवला. डोक्यावर रुंद काठाची जंगलातली हॅट, गळ्यात दुर्बीण. माझी बस रोज तिथून जायची आणि मला कित्येक वर्षं तो शिकारी वाटायचा.

एक कडू गोष्ट लिहायला हवी. स्लिमच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी, ब्रिटनमधून ऑस्ट्रेलियातल्या फेअरब्रिज शेतशाळेत पाठवलेल्या काही मुलांनी, आता म्हातारे झालेल्यांनी, त्याच्यावर आरोप केले. गव्हर्नर जनरल म्हणून तो शाळेला भेट द्यायला आला असताना त्याने आपल्याशी लैंगिक गैरवर्तन केलं, असे ते आरोप. त्यांची न्यायालयात तपासणी होणं शक्यच नव्हतं. पण कॅनबेऱ्यातल्या एका रस्त्याला त्याचं नाव होतं, ते पुढे बदललं. धाग्यात स्तुती चालली आहे तिथे हे नसेल तर चित्र अर्धं राहील.

---

बटाटेवडा_बटालियन

हे माहीत नव्हतं. माझा वरचा जिमचा विनोद आता मलाच बरा वाटत नाही.

---

कॅम्पातला_सायकलवाला

@थेम्सकाठची_वहिनी, लिहिलंत ते बरं केलंत. मला हे माहीत होतं, आणि तरीही मूळ लेखात 'पुढचं धावतं सांगतो' म्हणून मी ऑस्ट्रेलियाची सात वर्षं एका ओळीत उरकली. का उरकली ते आता मलाच विचारतोय. आपल्या चुका स्वतः लिहिणारा म्हणून मी या माणसाच्या प्रेमात पडलो. लढाईतल्या चुका लिहिल्या म्हणजे सगळंच लिहिलं असं मी धरून चाललो होतो. त्या मुलांचं म्हणणं खोटं ठरवायला माझ्याकडे काही नाही, आणि त्यांना तसं बोलून मिळणार तरी काय होतं?

---

रंकाळ्यावर_संध्याकाळी

@सायकलवाला, मेक्तिलावर वेगळा धागा काढा. खोट्या वायरलेसचं प्रकरण एका वाक्यात संपवण्यासारखं नाही. नकाशासह टाका, नाहीतर ती गावांची नावं डोक्यात बसत नाहीत.

---

कॅम्पातला_सायकलवाला

काढतो. नकाशा हाताने काढेन, हसायचं नाही.

---

रिटायर्ड_सुभेदार

त्या गोळीबद्दल सांगायचं राहिलं. आम्ही आसामात, नागालँडात होतो तेव्हापण मलेरियाची गोळी होतीच. नाव वेगळं, भानगड तीच. संध्याकाळी फॉलइन, एकेकाच्या हातात गोळी आणि मगातलं पाणी. आणि अफवापण तीच बरं का, की लग्न झालेल्याने घेऊ नये. पोरं जिभेखाली लपवायची. मग आमच्या हवालदार मेजरने युक्ती काढली. गोळी टाकली की लगेच मोठ्याने आपलं नाव, बापाचं नाव आणि गाव ओरडायचं. गोळी जिभेखाली असली की गावाचं नाव नीट निघत नाही. एक कराडचा गडी होता, त्याचं गाव मसूर. तो कशीही गोळी लपवून 'मसूर' म्हणायचा. त्याला मग तालुका, जिल्हा आणि पिन कोडपण सांगायला लावायचे.